शिडाच्या बोटीवर राहून घरची बिअर करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून नोकरी केल्यानंतर मी एका जुन्या सहकाऱ्याच्या ११ मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर, न्यूझीलंडच्या उत्तर किनाऱ्यालगत, दोन उन्हाळे राहिलो आणि तिथेच बिअर करायला शिकलो. नेरूळला परतल्यापासून शेजारी, जुने सहकारी आणि त्यांची समुद्रावर जाऊ पाहणारी मुले तेच ते प्रश्न विचारत असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवत आहे.

हे इथे, बेलापूरच्या किंवा ठाण्याच्या खाडीत बोट नांगरून करता येईल का?

नाही, आणि हे उत्तर मी मुद्दाम सर्वांत आधी देत आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि बिअर हे मद्यच आहे. ते विकायचे नाही, केवळ घरी प्यायचे आहे, एवढ्याने सुटका होत नाही. मद्य तयार करण्याच्या उद्देशाने साहित्य आणि भांडी बाळगणे हेही त्याच कायद्याच्या कक्षेत येते. किनाऱ्यापासून दोन-चार मैल आत गेलो की कायदा मागे राहतो, ही समजूतही चुकीची आहे, कारण भारताची प्रादेशिक सागरी हद्द १२ सागरी मैलांपर्यंत आहे. न्यूझीलंडमध्ये स्वतःच्या वापरासाठी बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची असेल तरच लागतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून तशीच मोकळीक आहे. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते अशा देशांच्या पाण्यात राहणाऱ्यांसाठी आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी आपली खाडी अशा मुक्कामाला सोयीची नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरातील भरती-ओहोटीचा फरक चार मीटरांच्या पुढे जातो, आणि पाण्याखाली पावणेदोन-दोन मीटर खोल कील, म्हणजे तळाचा जड उभा कणा, असलेली बोट ओहोटीला गाळात रुतून एका कुशीवर कलते. कललेल्या बोटीत चहासुद्धा धड करता येत नाही.

बोटीवर जागा नाही, पाणी मोजके, तरी हा खटाटोप कशासाठी करायचा?

वजनासाठी. दहा लिटर बिअरचे डबे बोटीवर चढवले म्हणजे दहा किलोंहून अधिक वजन चढले, आणि त्यातले बहुतेक पाणीच असते. तेवढीच बिअर बोटीवर करायची झाली तर सव्वा किलो मॉल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या अर्काची) पावडर, पंचवीस-तीस ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वाळवलेली फुले) आणि यीस्टचे एक पाकीट पुरते. छोट्या डिंगीने वल्हे मारत सामान आणणाऱ्या माणसाला हा फरक खांद्यांत जाणवतो. रिकाम्या डब्यांचा ढीग साठवायचा प्रश्नही उरत नाही, कारण त्याच बाटल्या पुन्हा भरता येतात.

ही युक्ती जुनीच आहे. कॅप्टन जेम्स कुक १७७३ मध्ये ‘रेझोल्यूशन’ हे जहाज घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिणेला डस्की साउंड येथे थांबले होते, तेव्हा त्यांनी तिथल्या रिमू झाडाचे कोवळे शेंडे आणि मानुकाची पाने उकळून, त्यात काकवी आणि आटवलेला मॉल्टचा रस घालून खलाशांसाठी बिअर केली होती. खलाशांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) होऊ नये हा त्यामागचा हेतू होता. आटवलेला रस जहाजावर न्यायचा आणि पाणी मुक्कामी घालायचे, हे त्यांचे तंत्र आजही बोटीवर जसेच्या तसे चालते.

धान्यापासून करावी की तयार अर्कापासून?

बोटीवर अर्कापासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. धान्यापासून करायची तर भरडलेले मॉल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर धरून ठेवावे लागते, मग गाळायचे, मग सगळा रस तासभर उकळायचा. एवढा गॅस बोटीवर नसतो, एवढे मोठे भांडेही गॅलीच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या, शेगडीवर बसत नाही. ज्यांना हौस आहे ते बर्फाच्या पेटीत, कापडी पिशवीत धान्य घालून हे करतात आणि त्यांची बिअर चांगलीही होते, पण त्यांची बोट त्या वेळी धक्क्याला बांधलेली असते.

अर्क दोन रूपांत मिळतो. काकवीसारखा दाट अर्क डब्यात येतो. ऑस्ट्रेलियातील कूपर्स कंपनीचा १.७ किलोचा डबा त्या भागात सर्वत्र मिळतो, त्यात हॉप्सचा कडवटपणा आधीच घातलेला असतो आणि वरून साखर घालून त्यापासून २३ लिटर बिअर होते. दुसरे रूप कोरड्या पावडरीचे. मी पावडर वापरत असे, कारण लागेल तेवढीच मोजून घेता येते. मात्र ती हवेतला ओलावा इतक्या झपाट्याने ओढते की पिशवी अर्धा तास उघडी राहिली तरी आतला माल गुळाच्या ढेपेसारखा घट्ट होतो. दोन पिशव्यांत बांधून, घट्ट झाकणाच्या डब्यातच ती ठेवावी.

एका वेळी किती करावी, आणि पद्धत कोणती?

दहा लिटर. पुस्तकांतून आणि तयार संचांतून येणारा २३ लिटरचा आकडा घरासाठी आहे. २३ लिटर भरलेले भांडे उचलताना बोट हलली तर माणूस पडतो किंवा भांडे पडते.

माझी पद्धत अशी होती: चार लिटर पाण्यात निम्मी पावडर विरघळवून उकळायची, कडवटपणासाठी १५ ग्रॅम हॉप्स घालून चाळीस मिनिटे उकळत ठेवायचे, शेवटच्या पाच मिनिटांत उरलेली पावडर आणि सुगंधासाठी आणखी १० ते १५ ग्रॅम हॉप्स घालायचे. मग पातेल्यावर झाकण ठेवून ते बेसिनमध्ये समुद्राच्या पाण्यात गार करायचे, आदल्या दिवशी उकळून गार केलेले पाणी घालून दहा लिटर पुरे करायचे आणि यीस्ट सोडायचे. बोट चालू असताना उकळते पातेले शेगडीवर कधीही ठेवू नये, ती शेगडी कितीही चांगली झुलती असली तरी. साखरेचा उकळता रस अंगावर सांडला तर चिकटून राहतो आणि साध्या पाण्यापेक्षा खोल भाजतो, आणि समुद्रावर डॉक्टर नसतो.

पाणी कोणते वापरावे?

टाकीतले पाणी चालते, पण त्यात क्लोरीन घातलेले असेल तर ते काढून टाकावे लागते. क्लोरीन मॉल्टमधल्या फिनॉलशी जुळून असा पदार्थ तयार होतो की बिअरला दवाखान्याचा वास येतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. दहा लिटरला चिमूटभर सोडियम मेटाबायसल्फाइट घातले की काम होते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र बोटीवर असेल तर त्याचे पाणी अर्काच्या बिअरला उत्तम, कारण लागणारे क्षार अर्कातच असतात.

एक लिटर बिअरमागे धुण्यासह तीन-चार लिटर पाणी खर्ची पडते. पहिली धुलाई स्वच्छ समुद्राच्या पाण्याने केली तर हा आकडा निम्म्यावर येतो. बंदरातले किंवा खाडीचे पाणी मात्र भांड्यांना लावू नये.

निर्जंतुकीकरण किती काटेकोर हवे?

उकळल्यानंतर रसाला जे जे लागते ते सगळे निर्जंतुक हवे. ढवळायचा चमचा, झाकण, नळी, हात. बोटीवर ओल कायम असते आणि बुरशी प्रत्येक फटीत असते, त्यामुळे इथे घरापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते. मी फॉस्फोरिक आम्लावर आधारलेले, पुन्हा धुवावे न लागणारे द्रावण वापरत असे. लिटरभर पाण्याला दीड मिलिलिटर पुरते, आणि फवारणीच्या बाटलीत भरून ठेवले तर अर्ध्या लिटरमध्ये अख्खे काम उरकते. आधी स्वच्छ घासणे मात्र आलेच. मळावर मारलेले जंतुनाशक फुकट जाते.

केबिनमध्ये तापमान सांभाळायचे कसे?

चांगली आणि वाईट बिअर इथेच वेगळी होते, म्हणून हे सविस्तर लिहितो. नेहमीच्या एल यीस्टला, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरच्या यीस्टला, १८ ते २२ अंश मानवतात. थंडीत आंबणाऱ्या लागर बिअरच्या यीस्टला ८ ते १३ अंश लागतात, आणि ते बोटीवर जमवण्याचा विचारच करू नये. तापमान जास्त झाले की यीस्ट घाईघाईने काम करते आणि बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास किंवा डोके धरणारी चव येते.

बोटीवर यावर एक नैसर्गिक उपाय आहे. पाण्याच्या रेषेखालचे कप्पे समुद्राच्या तापमानाजवळ राहतात. न्यूझीलंडच्या उत्तर भागात भर उन्हाळ्यात समुद्र २० ते २२ अंशांवर असतो. दुपारी केबिनमध्ये २९ अंश असताना फळीखालच्या, कीलजवळच्या कप्प्यात हात घातला तर गारवा लगेच कळत असे. भांडे तिथे ठेवले की निम्मी चिंता संपली. उरलेली निम्मी ओल्या टॉवेलने संपते: भांड्याभोवती टॉवेल गुंडाळायचा, त्याचे टोक उथळ परातीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचे, वारा लागू द्यायचा. आपल्या माठाचेच हे तत्त्व आहे, आणि माठासारखेच ते दमट हवेत निकामी होते. नेरूळच्या जुलैत ओला टॉवेल केवळ ओलाच राहील.

उष्ण कटिबंधातल्या पाण्यात, जिथे समुद्रच २८-२९ अंशांवर असतो, तिथे यीस्ट बदलावे. नॉर्वेमधील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३० ते ४० अंशांत उत्तम काम करते, आणि दोन-तीन दिवसांत बिअर आंबवून मोकळे होते. ते वाळवून ठेवता येते. तिकडे लाकडी कड्यांवर लावून, वाळवून टांगून ठेवण्याची रीत होती. फ्रिजचा भरवसा नसलेल्या बोटीला याहून सोयीचे यीस्ट माझ्या माहितीत नाही.

बोट हेलकावते, त्याने बिअर बिघडते का?

आंबण्याची क्रिया चालू असताना फारसे बिघडत नाही. हेलकाव्यांनी यीस्ट घुसळले जाते आणि काम उलट लवकर होते. अडचण नंतर येते. गाळ खाली बसत नाही, आणि झाकण वारंवार उघडले तर हवेतला प्राणवायू बिअरमध्ये मिसळून ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. म्हणून बाटल्या भरण्याआधी दोन-तीन दिवस शांत जागी नांगर टाकावा. हवामानाच्या अंदाजात ज्या आठवड्यात वारे कमी दिसतील, तो आठवडा बाटल्यांसाठी राखून ठेवावा.

भांडे बोटीच्या मध्यावर, डोलकाठीच्या पायाजवळ आणि शक्य तितके खाली ठेवावे, तिथे हालचाल सर्वांत कमी असते. ते पट्ट्याने दोन बाजूंनी बांधावे. पाणी भरायचा काचेसारखा छोटा एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी नळी) बोटीवर वापरू नये, त्यातले पाणी पहिल्याच झोक्याला सांडते. त्याऐवजी जाड नळी लावून तिचे टोक जंतुनाशक द्रावणाच्या बाटलीत सोडावे.

आंबताना निघणाऱ्या वायूचा धोका किती असतो?

जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. बंद टाकीत उतरण्यापूर्वी हवेतील प्राणवायू मोजायचा, बाहेर माणूस उभा करायचा, परवान्यावर सही घ्यायची, हे आम्ही आयुष्यभर केले, आणि ज्यांनी केले नाही त्यांच्यापैकी काही जण परत आले नाहीत. बिअर आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. साडेचार टक्के मद्यार्काची दहा लिटर बिअर होईपर्यंत तो सुमारे ३५० ग्रॅम, म्हणजे जवळपास १९० लिटर निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साठतो, आणि बोटीतील झोपायच्या जागा खालीच असतात. हा वायू काही दिवसांत हळूहळू बाहेर पडतो, म्हणून हवा खेळती असेल तर दहा लिटरने धोका नाही. पण पाऊस आहे म्हणून सगळ्या झडपा बंद करून, मागच्या अरुंद बंकच्या शेजारी भांडे ठेवून कोणी झोपू नये. बिल्जमध्ये डोके घालून काम करायचे असेल तर आधी वरची झाकणे उघडून हवा जाऊ द्यावी. स्वयंपाकाचा गॅसही तसाच जड असतो आणि तसाच खाली उतरतो, हे त्या वेळी लक्षात असावे.

माझ्याकडून एक चूक झाली ती इथे सांगितली पाहिजे. बारा लिटरच्या भांड्यात दहा लिटर रस भरून, वर जागा न ठेवता, मी बारीक नळी लावली होती. रात्री दोनच्या सुमारास हॉप्सचा चोथा नळीत अडकला आणि झाकण उडाले. छताला फेस लागला होता, ते धुऊन निघाले. खरी गोष्ट सकाळी कळली: खाली गेलेला चिकट चोथा बिल्ज पंपाच्या तरंगत्या स्विचवर बसला होता आणि स्विच वर उचलला जात नव्हता. त्या रात्री बोटीत पाणी शिरले असते तर पंप सुरू झाला नसता. तेव्हापासून भांड्यात एक-चतुर्थांश जागा रिकामी, नळी बोटभर जाड, आणि भांडे शॉवरच्या उथळ तबकात, म्हणजे सांडले तरी बिल्जमध्ये न जाता तबकातच राहील, असा नियम आम्ही पाळला.

झाली की नाही हे कसे ओळखायचे, आणि मद्यार्क किती आला हे कसे कळते?

हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीने. सुरुवातीची घनता १.०४५ आणि शेवटची १.०१० असेल, तर फरक ०.०३५, त्याला १३१.२५ ने गुणले की साधारण ४.६ टक्के येतात. लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला की आंबणे थांबले. बुडबुडे थांबले म्हणजे झाले, असे समजून बाटल्या भरू नयेत. काचेचा हायड्रोमीटर बोटीवर महिनाभरही टिकत नाही, तेव्हा प्लॅस्टिकचा घ्यावा.

बाटल्या कोणत्या?

प्लॅस्टिकच्या, पाचशे मिलिलिटरच्या, सोड्याच्या चालतात. काच बोटीवर नकोच. अपुरी आंबलेली बिअर भरली तर बाटली फुटते आणि काचा बंद कप्प्यात उडतात. दर लिटरला ६ ते ७ ग्रॅम साखर मोजून घालावी, बाटली दाबून आतली हवा काढावी आणि झाकण लावावे. प्लॅस्टिकचा मोठा फायदा अंगठ्याला कळतो: भरली त्या दिवशी बाटली अंगठ्याखाली मऊ दबते, चौथ्या-पाचव्या दिवशी तीच बाटली दगडासारखी टणक लागते. मग ती गार कप्प्यात ठेवावी आणि एकूण दोन आठवडे हात लावू नये. पुढे मात्र फार काळ ठेवू नये, कारण प्लॅस्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत जातो. तीन महिन्यांत संपवावी.

उरलेला चोथा आणि कचरा समुद्रात टाकता येतो का?

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार प्लॅस्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही, आणि हा नियम छोट्या बोटींनाही लागू आहे. हॉप्सचा चोथा आणि यीस्टचा गाळ हे अन्नाच्या कचऱ्यात मोडतात: बारीक केलेले असतील तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे, नसतील तर १२ मैलांपलीकडे, आणि संरक्षित विशेष क्षेत्रांत याहून कडक. नांगरलेल्या जागी कधीच नाही. आम्ही गाळाचा थोडा भाग पावाच्या पिठात घालत असू. पाव किंचित कडवट होतो, पण भुकेला छान लागतो.

दुसऱ्या देशात बोट नेताना हे सामान अडते का?

अडू शकते. धान्य आणि वनस्पतीजन्य पदार्थांबाबत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया फार कडक आहेत. पोहोचताच सगळे लिहून जाहीर करावे. न्यूझीलंडमध्ये शुल्काशिवाय माणशी साडेचार लिटर बिअर किंवा वाइन आणता येते. घरी केलेली बिअरही त्यातच मोजावी.

बोट चालू असताना प्यावी का?

नाही. व्यापारी जहाजांवर ड्युटीवरील माणसाच्या रक्तातील मद्यार्काची कमाल मर्यादा ०.०५ टक्के आहे. आम्ही आमच्यापुरती ती शून्य ठेवली होती: नांगर पक्का धरला आहे, हे किनाऱ्यावरच्या दोन खुणा ताडून पाहिल्यावरच बाटली उघडायची.

तोवर नवी मुंबईत राहून काय शिकता येईल?

आंबवणे सोडून पुष्कळ काही, आणि त्यातला सर्वांत उपयोगी भाग आपल्या स्वयंपाकघरात आधीच आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करणाऱ्या प्रत्येक घराने मॉल्ट केलेले आहे. नाव तेवढे माहीत नव्हते. जव घेऊन हा प्रयोग करावा. दुकानातले पांढरे, सोललेले जव रुजत नाहीत. पूजेच्या साहित्यात किंवा वाशीला दाणा बंदरात सालासकट मिळतात ते घ्यावेत. रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, दिवसातून दोनदा पाणी शिंपडत तीन-चार दिवसांत कोंब दाण्याच्या लांबीएवढे होतात. पावसाळ्यात हे करू नये, बुरशी धरते. उन्हात खडखडीत वाळवावेत, भाजू नयेत, कारण पिठूळपणाचे साखरेत रूपांतर करणारे घटक जास्त उष्णतेने मरतात.

भरड काढून, लिटरभर पाण्याला पाव किलो या प्रमाणात, ६६ अंशांच्या पाण्यात घालावी आणि जाड फडके गुंडाळलेल्या पातेल्यात किंवा थर्मासमध्ये तासभर ठेवावी. सुरुवातीला एक चमचा पाणी बशीत काढून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला तर ते काळेनिळे होते. तासाभराने दुसऱ्या बशीत तसाच थेंब टाकावा आणि तो पिवळसर तपकिरीच राहतो का हे पाहावे. राहिला तर पिठूळपणाची साखर झाली. आयोडीनच्या बश्या ओतून धुऊन टाकाव्यात. उरलेला रस गाळून, उकळून, चिमूटभर सुंठ घालून त्याच दिवशी प्यावा, कारण झाकून ठेवलेला असा रस आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप फसफसू लागतो.